‘कस्टम फिट’ बूट: माप घेतलं, पण कोणाचं?

सेनगाव, कळमनुरीकडच्या मित्रांची कायम तक्रार असते की रेंज नसली की एपिसोड मध्येच अडकतो. म्हणून नेहमीसारखाच हा भागही लिहून टाकतोय. बोललोय तसंच ठेवलंय, थोडं नीटनेटकं करून.

आजचा विषय आहे ‘कस्टम फिट’ बूट. जाहिरात तुम्ही पण बघितली असेल. मोबाइलने पायाचा फोटो काढा, अ‍ॅप माप घेईल, आणि फक्त तुमच्या पायासाठी बनवलेले बूट घरपोच येतील. ऐकायला एकदम भारी. मग बूट येतात, आणि चावतात. परत करायला जावं तर उत्तर येतं, ‘कस्टम ऑर्डर आहे सर, रिटर्न नाही.’

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. जगात बुटाच्या फिटिंगवर सगळ्यात जास्त डोकं कुठे लावतात माहितेय? स्कीइंगच्या बुटांवर. गुलमर्गला गेलेल्यांनी भाड्याने घेऊन घातले असतील. बाहेरून कडक प्लास्टिकचं कवच, आत मऊ अस्तर. परदेशात हौशी लोक भरपूर पैसे मोजून हे बूट आपल्या पायाला बसवून घेतात. तरीही त्यांची एक ठरलेली तक्रार असते: दुकानात मस्त बसला होता, चार-पाच दिवस वापरला आणि टाच आत हलायला लागली. कारण साधं आहे. आतलं अस्तर वापरून दबतं. म्हणून चांगला फिटिंगवाला गिऱ्हाइकाला सांगतो, ‘वापरा, आणि परत या.’ मग तो कुठे कवच गरम करून फुगवतो, कुठे आत पॅड चिकटवतो.

म्हणजे बघा, कस्टम फिटचा अर्ध्याहून जास्त भाग माप घेतल्यानंतर सुरू होतो. आजचा सगळा मुद्दा एवढाच आहे. बाकी मी फक्त तो उलगडून सांगणार आहे.

आता आधी मापाचं गणित. माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे आकडे दिसले की हात शिवशिवतात. आपल्याकडे बुटावर जो ६, ७, ८ नंबर असतो, ती ब्रिटिश पद्धत आहे. त्यात एका नंबरपासून दुसऱ्या नंबरचं अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलीमीटर. तुमचा पाय दोन नंबरांच्या मध्ये पडला तर चार मिलीमीटरपर्यंत फरक कुठेतरी गिळावा लागतो. स्की बुटांचा नंबर मात्र थेट पायाच्या लांबीवरून असतो. पाय साडेसव्वीस सेंटीमीटर, तर बूट २६.५. याला मोंडोपॉइंट म्हणतात.

आणि ही झाली फक्त लांबी. रुंदी आहे, पायाच्या वरच्या बाजूची उंची आहे, बोटांचा आकार आहे. वरून काढलेल्या एका फोटोत लांबी-रुंदी येते. उंची कुठून येणार?

आता घरातली गोष्ट सांगतो. माझ्या बाबांना बरीच वर्षं शुगर आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या तळपायाला नायलॉनचा एक बारीक तंतू जागोजागी टेकवला आणि विचारलं, ‘कळतंय का?’ बऱ्याच ठिकाणी बाबांना कळलंच नाही. डॉक्टर म्हणाले, अनवाणी फिरायचं नाही, आणि पायाला नीट बसणारंच काहीतरी घालायचं. घट्ट बुटाने फोड आला तर यांना समजणार नाही.

म्हणून आम्ही अशाच एका कंपनीचे बूट मागवले. नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. अ‍ॅपने सांगितलं तसं केलं: पांढऱ्या कागदावर पाय, दोन्ही पायांचे वेगवेगळे फोटो. डावा २५८ मिलीमीटर, उजवा २६३. फॉर्ममध्ये ‘मधुमेह आहे’ हे पण लिहिलं. साडेपाच हजार रुपये भरले.

बूट आले. दोन्ही एकाच मापाचे. तळाला छापलेलं होतं: ८. तयार तळ वापरून वरचा भाग मापाने शिवतात, तसं असतं तर ठीक होतं. पण पट्टी लावून बघितलं तर वरचा भाग पण दोन्ही बुटांचा सारखाच. पाच मिलीमीटरचा फरक सरळ गायब! आमच्या भाषेत याला राउंडिंग म्हणतात. इनपुट मिलीमीटरमध्ये घ्यायचा आणि आउटपुट जवळच्या नंबरात टाकायचा. कस्टम होतं ते फक्त खोक्यावरचं नाव.

बाबांनी घालून बघितले. मी विचारलं, ‘टोचतंय का कुठं?’ म्हणाले, ‘नाही रे, मस्त आहेत की. कुठंच काही नाही.’

अर्ध्या तासाने आईने बूट काढायला लावले. उजव्या करंगळीच्या बाजूला लालभडक डाग. बराच वेळ गेला तरी उतरेना. आपल्याकडे म्हणतात, ज्याचं जळतं त्याला कळतं. पण ज्याचं जळतंय त्यालाच कळत नसेल तर? बुटाचं सगळं फिटिंग एका गोष्टीवर उभं असतं, घालणारा सांगतो की ‘इथं लागतंय.’ बाबांच्या बाबतीत तो सिग्नलच बंद आहे. हौसेच्या बुटात फिटिंग चुकलं तर पैसे जातात. इथे पाय जाऊ शकतो.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं: ‘थोडा फरक चालतो, वापरून सैल होतील.’ चामडं वापराने सैल होतं हे खरं आहे. नवी कोल्हापुरी सुरुवातीला चावते आणि मग पायाचा आकार घेते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण त्या काळात चावलेलं ज्याला कळतं त्याच्यासाठी ते ठीक. बधिर पायाच्या माणसाला ‘चालून सैल करा’ हा सल्ला धोक्याचा आहे. तसंही अंगठ्याची चप्पल अशा पायाला नकोच, बोटांमध्ये घासते.

तुम्ही म्हणाल, मग आपल्या पायांचा हिशोब कोणी केलाच नाही का? केलाय. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय थ्रीडी स्कॅन केले. निघालं काय, तर आपले पाय युरोप-अमेरिकेच्या लोकांपेक्षा रुंद असतात. त्यामुळे रुंदीत बसावं म्हणून आपण लांबीला मोठा बूट घेतो. त्यावरून भारतासाठी वेगळी मापपद्धत सुचवली गेली, नाव ‘भा’, म्हणजे भारतातला भा. आपल्या औंढ्याजवळ लायगो उभं राहतंय, प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शापेक्षा बारीक हालचाल टिपणारं यंत्र. आणि आपण मात्र अजून ब्रिटिशांच्या नंबरात पाय कोंबतोय!

बरं, आता कामाचं. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. एक, दोन्ही पायांची मापं वेगळी असली तर बूट वेगळे बनतील का? दोन, पायाची उंची कशी मोजता? तीन, वापरून लागलं तर दुरुस्ती कोण करणार, कुठे, किती वेळा? चार, नाहीच बसले तर पैसे परत का? उत्तरं फोनवर नको, चॅटवर किंवा मेलवर घ्या. स्क्रीनशॉट ठेवा.

माप संध्याकाळी, उभं राहून घ्या. दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि वजन पडलं की पसरतो. घरात कोणाला शुगर असेल तर बूट आतून पायापेक्षा एक ते दोन सेंटीमीटर लांब हवा. घालण्याआधी रोज आत हात फिरवायचा, खडा किंवा शिवण टोचत नाही ना बघायचं. नवा बूट आधी थोडाच वेळ घालायचा, आणि काढल्यावर पाय डोळ्यांनी बघायचा. विचारून भागत नाही.

आणि ‘कस्टम ऑर्डर परत घेत नाही’ हे वाक्य ऐकून गप्प बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे: वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेता ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. ‘तुमच्या मापाचे’ म्हणून विकलेले बूट मापाचे नसतील तर ते सांगितल्यासारखे नाहीत, असा आमचा मुद्दा होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे आम्ही मापं, फोटो, चॅट सगळं दिलं. दीड महिन्याने पैसे आले, डिलिव्हरीचा खर्च कापून. नसते आले तर २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असो नाहीतर दिल्लीची, त्यासाठी तिकडे जावं लागत नाही.

बाबांसाठी शेवटी नांदेडच्या एका कारागिराकडून एमसीआर रबराच्या मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल करून घेतली. दिसायला साधी. तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा पट्टा घट्ट, दुसऱ्यांदा टाच सैल, तिसऱ्यांदा बसली. दर वेळी त्यांनी बाबांना चालायला लावलं, चप्पल काढायला लावली, आणि तळपाय उजेडात धरून बघितला. ‘लागतंय का’ असं एकदाही विचारलं नाही.

तुमच्याकडे असे बूट आले असतील, बसले असतील किंवा फसले असतील, तर व्हॉइस नोट पाठवा. आणि आज घरी शुगर असलेलं कोणी असेल तर एवढं कराच, त्यांची चप्पल काढायला सांगा आणि पाय बघा. भेटू पुढच्या भागात!