पिकाच्या रोगाचा फोटो आणि घरातील बल्बची निवड
(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



पिकावर रोग दिसला की आपण पान तोडून घरी आणतो, मोबाईलवर त्याचा फोटो काढतो आणि कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवितो. ही सोय चांगली आहे. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. तज्ज्ञाला तुमचे पान दिसत नाही, फक्त फोटो दिसतो. फोटोतील रंग खोटा असेल तर निदान चुकते, निदान चुकले की फवारणी चुकते आणि त्या फवारणीचा खर्च तुमच्याच खिशातून जातो. म्हणून घरी फोटोसाठी बल्ब कोणता घ्यावा, हा आजचा विषय आहे.

शक्य असेल तेव्हा फोटो दिवसा, शेतातच, सावलीत काढावा. त्याची बरोबरी कोणताही बल्ब करीत नाही. पण कामे आटोपून घरी येईपर्यंत अंधार पडतो आणि सकाळपर्यंत पान सुकते. अशा वेळी दिव्याचाच आधार घ्यावा लागतो.

रंगाला एवढे महत्त्व कशासाठी? नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने सारखी पिवळी पडतात. लोह कमी पडले तर शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी होतात, मात्र शिरा हिरव्या राहतात. कपाशीवर लाल्या आला की पाने तांबूस होतात. आता निरोगी हिरवे पान तारेच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली धरून पहा. तेही पिवळसर दिसेल. त्या बल्बच्या प्रकाशात निळा भाग फार कमी असतो.

बल्ब घेताना खोक्यावरील तीन आकडे वाचावेत.

पहिला आकडा केल्व्हिनचा. यावरून प्रकाशाचा रंग समजतो. २७०० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मध्यम पांढरा आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. दुपारच्या उन्हाचा प्रकाश साधारण ५००० ते ५५०० च्या आसपास असतो. तेव्हा ५००० चा बल्ब मिळाल्यास उत्तम, न मिळाल्यास ४००० किंवा ६५०० चालेल. मात्र सर्व बल्ब एकाच आकड्याचे असावेत. प्रकाश एकाच जातीचा असेल तर मोबाईल रंगाची झाक बरीचशी दुरुस्त करतो. एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने निळसर प्रकाश आला तर दोन्हींची दुरुस्ती एकाच वेळी होऊ शकत नाही. म्हणून फोटो काढताना खोलीतील इतर दिवे बंद करावेत.

दुसरा आकडा सीआरआयचा. बल्ब वस्तूचे रंग किती खरे दाखवितो, हे यावरून कळते. तो जास्तीत जास्त १०० असतो. बाजारातील साधे एलईडी बल्ब ८० च्या आसपास असतात, आपल्या कामासाठी ९० किंवा त्याहून अधिक सीआरआय असलेला बल्ब मागून घ्यावा. कमी सीआरआयच्या बल्बमध्ये विशेषतः गडद लाल रंग फिका पडतो. लाल्या किंवा डाळिंबाच्या दाण्याचा रंग दाखवायचा असेल तर हा फरक मोठा आहे. जो रंग प्रकाशातच नाही, तो मोबाईल नंतर भरून काढू शकत नाही.

तिसरा आकडा ल्युमेनचा, म्हणजे एकूण प्रकाशाचा. ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो. असे दोन बल्ब एका पानाच्या फोटोस पुरेसे आहेत. अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई होतो, हे ध्यानात ठेवावे. प्रकाश कमी वाटल्यास मोठा बल्ब आणण्यापूर्वी आहे तोच जवळ आणून पहावा.

दुकानातच आणखी एक परीक्षा करावी. बल्ब लावून मोबाईलचा कॅमेरा त्याच्याकडे धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब लुकलुकतो, डोळ्यांना ते जाणवत नाही एवढेच. तो घेऊ नये. आपल्याकडे बहुतेक घरांत पिनचे होल्डर असतात, म्हणून बल्बही त्याच प्रकारचा पाहून घ्यावा.

आता मांडणी. टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर पान ठेवावे. दोन्ही बाजूंना एक-एक बल्ब, टेबलापासून सुमारे दोन फूट उंचीवर, तिरपा लावावा. मोबाईल पानाच्या बरोबर वर धरावा. पान चकाकत असेल तर बल्ब आणि पान यांच्यामध्ये जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा ताणून धरावा. कापड बल्बला टेकू देऊ नये. हॅलोजन बल्ब तर या कामाला वापरूच नयेत. ते अतिशय तापतात आणि कापड पेटू शकते. पानाशेजारी कागदाचा थोडा भाग आणि एक नाणे फोटोत येऊ द्यावे. कागदावरून प्रकाशाची झाक व नाण्यावरून ठिपक्याचा आकार कळतो.

फोटो एक नव्हे, तीन-चार पाठवावेत. पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि शक्य असल्यास पूर्ण फांदी. द्राक्षावरील केवड्याची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूस असते; ती दिसण्यासाठी एक बल्ब बंद करून दुसरा अगदी आडवा लावावा. डाळिंबावरील तेल्याचे शंकास्पद ठिपके असल्यास पान बल्बसमोर उभे धरून पलीकडून फोटो घ्यावा, म्हणजे तेलकट, पाणी भरल्यासारखा भाग ओळखू येतो.

फोटोबरोबर पिकाचा वाण, वय, मागील फवारण्या आणि पाणी केव्हा दिले, हेही लिहून कळवावे. चार ओळींची ही माहिती आणि खऱ्या रंगाचा फोटो मिळाला, तर योग्य सल्ला देणे पुष्कळ सोपे होते. पुढच्या वेळी औषधाच्या दुकानाकडे निघण्यापूर्वी दोन बल्ब जोडून हा प्रयोग जरूर करावा.