तुमच्या पानाची वाट कोण बघतंय?

(कोल्हापूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मे महिन्याच्या संध्याकाळी रंकाळ्यावरचा वारा आणि भेळ सोडून तुम्ही इथं येऊन बसलात, म्हणजे तुमच्यातले निम्मे तरी लिहिणारे असणार. उरलेले लिहिणाऱ्यांच्या घरचे असतील. आयोजकांनी विषय दिलाय ‘नवोदित लेखक : प्रेरणा आणि चिकाटी’. यातल्या प्रेरणेबद्दल मला फारसं काही सांगायचं नाही. ती सगळ्यांनाच येते. आजी वारली, प्रेमात कुणी फसवलं, घाटात डोळ्यांदेखत अपघात झाला की येते. त्या भरात चार पानं होतात. पाचव्या पानावर गाडी अडते, आणि मग ती वही पुढच्या उन्हाळ्यात रद्दी काढताना सापडते. आपण पाचव्या पानाबद्दल बोलू.

कोल्हापुरात चिकाटीवर बोलायचं तर तालमीचा दाखला ठरलेलाच. पहाटे उठणारा पैलवान, जोर, बैठका, लाल माती. मला तो दाखला लिहिणाऱ्याला लागू पडतो असं वाटत नाही. तालमीत पोरगं एक दिवस आलं नाही तर वस्ताद निरोप धाडतो. चार दिवस आलं नाही तर दारात येऊन उभा राहतो. जोडीचा पैलवान खोळंबतो. घरात दुधाचा आणि बदामाचा खर्च चालू असतो, त्याचा हिशोब बाप विचारतो. लिहिणाऱ्यावाचून कुणाचंच काही खोळंबत नाही. तुम्ही आज कथा लिहिली नाही, वर्षभर लिहिली नाही, तरी गल्लीत कुणाला पत्ता लागणार नाही. उलट घरात जरा बरंच वाटेल, लाईट लवकर बंद झाली म्हणून.

चिकाटी ही माणसाच्या मनगटात असते, ज्याच्यात आहे त्याच्यात आहे, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. लिहिणाऱ्याची चिकाटी बरीचशी त्याच्या बाहेर असते. पुढचं पान मागणारं कुणीतरी असतं, त्याच्यात ती असते. आपल्याच भागातल्या लेखकांकडे या नजरेनं बघू.

वि. स. खांडेकर 1920 साली शिरोड्याला शाळेत मास्तर म्हणून गेले. मिठागरांचं गाव. पुण्या-मुंबईपासून लांब, प्रकृती यथातथा, नजर आधीपासून अधू. तिथं ते अठरा वर्षं राहिले. त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ आली ती 1930 मध्ये, म्हणजे शिरोड्याला जाऊन दहा वर्षं झाल्यावर. मग त्या दहा वर्षांत हात चालू कशामुळं राहिला? त्याचं एक उत्तर सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकात आहे. खांडेकर तिथं नेमानं लिहीत. मराठी लघुनिबंधाच्या इतिहासात त्यांचं जे नाव घेतलं जातं, त्याची सुरुवात तिथली.

आता साप्ताहिक म्हणजे काय प्रकरण असतं ते जरा डोळ्यांसमोर आणा. त्या काळी एकेक खिळा हातानं जुळवायचा. अंकाचा वार ठरलेला. मजकूर आला नाही तर जुळारी रिकामा बसणार आणि पानात भगदाड राहणार. संपादकाला तुमची प्रतिभा जागी आहे की झोपली आहे याच्याशी कर्तव्य नसतं, त्याला दोन कॉलम भरायचे असतात. ज्या मास्तरानं दिवसभर वर्ग घेतलेत, त्याच्याकडून रात्री कंदिलापाशी दोन कॉलम काढून घेण्याची ताकद कुठल्याही थोर विचारात नसेल एवढी या भगदाडात असते. खांडेकरांची प्रतिभा मी ‘वैनतेय’च्या खात्यावर टाकत नाही. पण ती गंजली नाही याचं श्रेय त्या छोट्या साप्ताहिकाला द्यायला आपण विसरतो.

पुढं 1938 मध्ये ते कोल्हापुरात आले ते सिनेमासाठी. दिग्दर्शक मास्टर विनायकांसाठी ते त्याआधीच लिहू लागले होते, ‘छाया’ 1936चा. सिनेमात तर मागणारा उशाशीच. सेट लागलाय, नट रंग लावून बसलेत आणि संवाद यायचेत.

त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती व्याख्यानांतून फारशी सांगितली जात नाही. 1942 मध्ये ‘क्रौंचवध’ आली. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ खांडेकरांची नवी कादंबरी आली नाही. नाव झालेलं, वाचक वाट बघतायत, प्रकाशक दारात, आणि कादंबरी नाही. मग ‘अश्रू’ आली आणि 1959 मध्ये ‘ययाति’. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढं 1974 चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, मराठीला मिळालेलं पहिलं. मधल्या काळात ते हात बांधून बसले नव्हते, कथा आणि लेख चालूच होते. पण ज्या प्रकारानं त्यांना मोठं केलं तो प्रकार त्यांच्या हातून होत नव्हता, आणि त्यांनी तो ओढूनताणून केला नाही. तेव्हा इथं कुणाची कादंबरी तीन वर्षं अडली असेल तर एवढं घाबरू नका. कादंबरी अडू दे, लिहिणं अडू देऊ नका. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अखेरच्या वर्षांत तर त्यांची दृष्टी गेली होती, आणि तरी दुसऱ्याच्या हातानं लिहिणं चालू होतं.

आता शिवाजी सावंत. आजऱ्याचे. 1967 मध्ये ‘मृत्युंजय’ ही कर्णावरची कादंबरी आली तेव्हा वय 27, आणि नोकरी कोल्हापुरात शिक्षकाची. सावंतांबद्दल बोलताना लोक कुरुक्षेत्राच्या प्रवासाचा फार गाजावाजा करतात. नव्या पोरांना मग वाटतं, आपणही आधी कुठंतरी जाऊन यायला हवं, मग लिहायला बसू. जाऊन येतात, फोटो टाकतात आणि लिहायचं राहून जातं. मी म्हणतो, प्रवास राहू दे, पुस्तकाची बांधणी बघा. ‘मृत्युंजय’ एकट्या कर्णाच्या तोंडून चालत नाही. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण, शेवटी कृष्ण. भाग बदलला की बोलणारा बदलतो. समीक्षक याला निवेदनतंत्र म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यात लिहिणाऱ्याची एक सोयही दिसते. हे माझं अनुमान आहे, सावंतांनी असं कुठं म्हटलंय असं मी सांगत नाही. शाळा, पेपर तपासणी, घर सांभाळून शेकडो पानं लिहायची तर एकाच आवाजात लिहिताना माणूस कंटाळतो, आवाज घोगरा होतो. दर भागाला नवं माणूस आलं की लिहिणाराही नव्यानं बसतो. कर्णाला जे दिसत नाही ते कुंतीला दिसतं, म्हणून तीच हकीकत पुन्हा ताजी होते. मोठं काम हातात घेतलेल्यांनी हे जरूर बघावं. आपल्या पुस्तकाचे भाग असे पाडा की त्यात तुम्हाला स्वतःलाच पाच-सहा वेळा सुरुवात करता येईल. सुरुवात करायला कुणाला कंटाळा येत नाही, हे तुमच्या कपाटातल्या अर्धवट वह्यांवरूनच सिद्ध होतं.

कागलच्या आनंद यादवांची गोष्ट याच्या अगदी उलटी. घरात मागणारं कुणी नाहीच, अडवणारा होता, तोही बापच. पोरगं शाळेत गेलं तर मळ्यात मोट कोण मारणार? ‘झोंबी’ ही त्यांची आत्मकथा वाचलेल्यांना ते सांगायला नको. पण वर्षं बघा. पहिला कवितासंग्रह ‘हिरवे जग’ 1960 चा, आणि ‘झोंबी’ 1987 ची. म्हणजे जे जगणं लहानपणीच पुरेपूर सोसून झालं होतं, ते स्वतःचं म्हणून सरळ सांगायला पन्नाशी उलटावी लागली. मधल्या काळात तोच मळा, तीच माणसं कवितेतून, कथांतून, ‘गोतावळा’ कादंबरीतून येत राहिली. विषय एकच, भांडी वेगवेगळी. ‘माझ्या आयुष्यावर कादंबरी होईल’ असं म्हणत विशीतच आत्मकथेला हात घालणारे मला दर महिन्याला भेटतात. होईल बाबा, पण आधी त्यातल्या एका म्हशीवर एक गोष्ट लिहून दाखव.

यादवांना घरात नव्हता तो मागणारा बाहेर भेटला. त्यांच्या आणि पट्टण कोडोलीच्या शंकर पाटलांच्या कथा मुंबईच्या ‘सत्यकथा’ मासिकात येत. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिथले संपादक. कथा पाठवताना सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट जोडायचं ही तेव्हाची रीत. आपल्याच अक्षरातलं ते पाकीट पोस्टमननं परत आणून दिलं की न फोडताच कळायचं, ‘साभार परत’. वहिनी विचारायच्या, कुणाचं पत्र? भावजी गप्प. पण कधी कधी त्यात संपादकाचं पत्र असायचं: अमुक पात्र मध्येच नाहीसं होतं, शेवट घाईत झालाय, पुन्हा लिहून पाठवा. ‘पुन्हा लिहून पाठवा’ या तीन शब्दांवर त्या पिढीतले कितीतरी लेखक उभे राहिले. नकार होता, पण नकार देणाऱ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद पडली. तिच्याविषयी तक्रारीही पुष्कळ होत्या, 1969 मध्ये तिची होळीही झाली. लघुनियतकालिकवाल्या पोरांचा तो राग सगळाच खोटा नव्हता. पण आज मजकूर पाठवला की दोन निळ्या बरोबरच्या खुणा येतात आणि पुढं काहीच येत नाही. त्या शांततेपेक्षा मला ‘साभार परत’ बरं वाटतं.

निपाणीच्या महादेव मोऱ्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. सीमाभागातला हा माणूस पिठाची गिरणी चालवत आयुष्यभर कथा-कादंबऱ्या लिहीत राहिला. 2024 च्या ऑगस्टमध्ये गेला. तंबाखूच्या वखारीतल्या बाया, गाड्यांवरचे ड्रायव्हर, ही त्यांची माणसं. गिरणी हे लिहायला वाईट ठिकाण असं आपल्याला वाटतं. आवाज, पीठ, डबे घेऊन ताटकळलेली गिऱ्हाइकं. पण जरा विचार करा, अख्खं गाव दळणाच्या निमित्तानं ज्याच्या समोर येऊन बोलतं, त्याला गोष्टी शोधायला कुठं जावं लागतं? नोकरी-धंदा लिहू देत नाही अशी तक्रार घेऊन माझ्याकडं येणाऱ्यांत गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळी करणारे असतात, इचलकरंजीच्या मागावरचे असतात. त्यांची तक्रार वेळेपुरती खरी आहे. विषयापुरती नाही.

आणि बायांचं काय, असं तिसऱ्या रांगेतून कुणीतरी मघाशी पुटपुटलं. बरोबर आहे. आतापर्यंत मी सगळे पुरुषच सांगितले. यातल्या बहुतेकांच्या पुढ्यात चहा आयता येत असणार. ज्या बाईला रात्री साडेदहाला ओटा पुसल्यावर वेळ मिळतो, तिला पहाटे उठून लिहा म्हणून सांगणं हा चावटपणा आहे. तिचं पान कुणी मागायचं ठरवलं तर आधी घरातल्यांनी भाकऱ्या थापायला शिकायला हवं.

याच शहरातल्या सोनाली नवांगुळ यांच्याविषयी बोललं की लोक आधी त्यांच्या व्हीलचेअरकडं बघून टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या मला नकोत. त्यांचं काम बघा. सलमा यांच्या तमिळ कादंबरीचा ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ हा त्यांनी केलेला मराठी अवतार, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ज्याचं स्वतःचं लिहिणं अडलंय त्यानं अनुवाद करून बघावा असं मी नेहमी सांगतो. पुढं काय घडणार याची चिंता मूळ लेखकानं केलेली असते. तुम्हाला फक्त आजचं वाक्य मराठीत उभं करायचं असतं, आणि मूळ पान समोर उघडं पडून ते मागत असतं.

तेव्हा मागणारा मिळवायचा कसा? प्रोत्साहनपर व्हिडिओ बघून नाही. ते बघताना लिहिल्यासारखं वाटतं, तोच त्यांचा तोटा. दोन-तीन जण गाठा. लेखकच हवेत असं नाही, पण वाचणारे हवेत. घरचे नकोत, घरचे एकतर कौतुक करतात नाहीतर चिडवतात. महिन्यातला एक वार ठरवा, एक जागा ठरवा. या गावात 1850 पासून करवीर नगर वाचन मंदिर उभं आहे, तेव्हा पुस्तकवाली माणसं भेटत नाहीत ही सबब कोल्हापूरकराला शोभत नाही. त्या दिवशी प्रत्येकानं काहीतरी लिहून आणायचं. ज्यानं आणलं नाही त्यानं सगळ्यांचा चहा पाजायचा. आणि वाचून झाल्यावर ‘छान’ हा शब्द बंद. कुठं कंटाळा आला ते ओळीवर बोट ठेवून सांगायचं. भांडणं होतील. दोघं सोडून जातील. राहतील ते उपयोगाचे.

सगळ्यात जुना मागणारा मात्र अजून जिवंत आहे. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाच्या मानेवर दरसालची एक तारीख बसवली. आता जूनमध्ये संपादकांची पत्रं निघतील, हल्ली मेसेज निघतात. ज्यांची नावं झालेली नाहीत त्यांना ती येणार नाहीत, म्हणून त्यांनी आपण होऊन पाठवायचं. कथा ऑगस्टच्या मध्याच्या आत जाऊ दे. गणपतीत संपादकाच्या हातात पडलेली कथा तो उघडूनही बघत नाही. पानांवर क्रमांक घाला. नाव आणि फोन नंबर पहिल्या पानावर लिहा, शेवटचं पान हटकून गहाळ होतं. आणि एकच कथा एकाच वेळी चार ठिकाणी पाठवू नका. इथले संपादक संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितात.