सहीआधी आम्हाला विचारा

मैत्रिणींनो,

आमच्या गावात हल्ली शेतात नेपियर गवत लावा म्हणून सांगायला माणसे येतात. गवत वाळवायचे, भुगा करून यंत्रात दाबायचा, बोटाएवढ्या कांड्या पाडायच्या. त्यांना पेलेट म्हणतात. कोळशावरच्या वीजकेंद्रांनी ५ टक्के पेलेट जाळावेत, असे धोरण केंद्राने २०२१ साली आखले.

कोळसा कमी जळावा, हे मलाही हवे आहे. पण नेपियर एकदा लावले की काही वर्षे रान त्यातच अडकते. कपाशीत तुरीच्या ओळी असतात, कडेला चवळी, अंबाडी असते. घरची डाळभाजी त्यातूनच निघते. चुलीला पऱ्हाट्या मिळतात. निंदणाची, वेचणीची मजुरी बायांची. हे सारे कोणी हिशेबात धरले?

कराराची बोलणी झाली तेव्हा मी आत चहा करत होते. सातबारा ह्यांच्या नावावर, सहीही ह्यांचीच. मी भांडले, तेव्हा दोन एकरांपैकी एक एकर कपाशी-तुरीला राहिला.

पडीक जागेत, बांधावर गवत जरूर लावा. पण सातबाऱ्यावर आपले नाव लावून घ्या, आणि करार वाचून दाखवल्याशिवाय घरातून सही जाऊ देऊ नका.