शेजाऱ्याचा हक्क आणि आपला घोडा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून घोड्याच्या लिदीवर बोलायचे म्हटल्यावर काहींना हसू येईल. परंतु माणसाचे शिक्षण निकालपत्रात दिसते, त्याहून अधिक ते शेजाऱ्याशी त्याच्या वागण्यात दिसते. म्हणून आपल्याच रायगड जिल्ह्यातील माथेरानचे उदाहरण घेतो.

माथेरानात मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडली की पुढे घोडा फार उपयोगी पडतो. त्यावर सर्व समाजांतील शेकडो कुटुंबांची चूल पेटते. पण घोडा आला की लीदही आली. पूर्ण वाढीचा घोडा दिवसाकाठी पंधरा ते वीस किलो लीद टाकतो. लहान चणीचा थोडी कमी. उन्हाळ्यात ती वाळून तांबड्या धुळीबरोबर घराघरांत शिरते, पावसाळ्यात वाहत ओढ्या-तलावांकडे जाते. ताज्या लिदीवर माश्या अंडी घालतात आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत नवी माशी उडू लागते. लिदीत धनुर्वाताचे जंतूही असतात; अनवाणी पोराच्या पायाला जखम असेल तर धोका उघड आहे. मशिदीकडे निघालेल्या वृद्धाचा पायजमा आणि देवळात निघालेल्या आजीचे लुगडे त्याच वाटेवर खराब होते.

आपला दीन याविषयी मुका नाही. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हा सदका आहे, अशी पैगंबरसाहेबांची (स.अ.) शिकवण आहे. शेजाऱ्याच्या हक्काविषयी हजरत जिब्रईल यांनी त्यांना इतक्या वेळा ताकीद दिली की, शेजारी वारसच ठरतो की काय, असे त्यांना वाटले. आणखी एक हदीस लक्षात घेण्याजोगी आहे. अल्लाहच्या मार्गासाठी ईमानाने पाळलेल्या घोड्याचा चारा, पाणी, इतकेच नव्हे तर त्याची लीदसुद्धा कयामतच्या दिवशी मालकाच्या पारड्यात पडेल, असे त्यात सांगितले आहे. जी वस्तू पुण्याच्या पारड्यात पडू शकते, ती शेजाऱ्याच्या दारात टाकून आपण तिचे काय करतो, याचा विचार करा.

उपाय खर्चाचा नाही. खोगिराबरोबर एक गोणपाट आणि लहान फावडे ठेवावे. घोडा वाटेत थांबला तर लीद तेथल्या तेथे उचलावी. गिऱ्हाईक दोन मिनिटे थांबेल. तबेला रोज झाडावा. लीद पाण्यापासून लांब, ठरवून दिलेल्या जागी, पालापाचोळ्याबरोबर रचावी आणि अधूनमधून उलथावी. ढिगाच्या पोटात पंचावन्न अंशांहून अधिक उष्णता निर्माण होते. तीत माशीच्या अळ्या आणि तणाचे बी मरते. काही महिन्यांत उत्तम खत तयार होते. त्याचे पहिले टोपले शेजाऱ्याच्या बागेला द्यावे. तक्रारीचा अर्ज लिहिणारा हातच मग सलामासाठी उठेल.

यात रोजीरोटीचाही प्रश्न आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने माथेरानात प्रायोगिक ई-रिक्षा धावली. तेव्हापासून घोडेवाल्याच्या मनात धाकधूक आहे. असे निर्णय न्यायालयांत आणि कचेऱ्यांत होतात. पण गावाने आपल्या बाजूने साक्ष द्यावी की विरुद्ध, हे बरेचसे आपल्या वागण्यावर ठरते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाचे वडील घोडा चालवीत असतील. चार बुके शिकल्यावर हातात फावडे घेण्याची लाज वाटू लागली, तर ते शिक्षण अपुरे समजा. लाज लीद उचलण्याची नसते, ती टाकून पुढे जाण्याची असते. आणि ज्यांच्या घरी घोडा नाही, त्यांनीही सुटल्यासारखे मानू नये. सहलीला जाऊन घोड्यावर बसाल, तेव्हा घोडेवाला लीद उचलीत असेल तर घाई करू नका. घरची शेळी, कोंबडी, बकरी ईदच्या कुर्बानीनंतरचा कचरा, या सर्वांना हाच नियम लागू आहे. आपल्या जनावराचे जे काही मागे राहते, ते आपले आहे, शेजाऱ्याचे नाही.

आपली वाट आणि आपला शेजार दोन्ही स्वच्छ राखण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.