पागेची जाळी आणि जीवदया



पावसाळ्यात मांडवा परिसरातील भातखाचरे तुडुंब भरतात. अशाच पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू वाहून नेणारे ते हेच. भारतात हा रोग १९५५ साली वेल्लोर येथे प्रथम ओळखला गेला. बाधा तीव्र झाल्यास घोड्यास ताप येतो, तो चारा सोडतो, त्याची चाल अडखळते, प्रसंगी प्राणही जातो. मात्र घोड्यापासून रोग पुढे पसरत नाही. विषाणू फोफावतो तो डुकरांत व बगळ्यांत. आजारी घोड्यास भयापोटी हाकलून देणे हा त्या मुक्या जीवावर निव्वळ अन्याय होय.

मग डास मारावेत काय? जीवदया पाळणाऱ्या गृहस्थास हा प्रश्न छळतो. डबक्यात गप्पी मासे सोडणे म्हणजे हिंसा दुसऱ्याकरवी करविणे, असेही कोणी म्हणेल. परंतु पाण्याची डोणी वापरानंतर झाकली, तर तेथे अंडीच पडत नाहीत. भातखाचर काही झाकता येत नाही. तेव्हा दिवेलागणीपूर्वी घोडा पागेत घ्यावा, खिडक्या-दारांना बारीक जाळी लावावी, जमल्यास पंखा फिरता ठेवावा. धुरी नको, बंद पागेत तिने घोड्याचाच श्वास कोंडतो.