इंग्रजी नाटकाची उजळणी : संज्ञा, पात्रें आणि निबंध

परीक्षा जवळ आली म्हणजे इंग्रजीच्या विद्यार्थ्याच्या वहींत याद्या वाढूं लागतात. एका पानावर सिमिली, मेटॅफर, आयरनी, सोलिलोक्वी असे शब्द एकाखालीं एक उतरतात व त्यांच्यासमोर व्याख्या येतात. दुसऱ्या पानावर पात्रांचे गुणदोष असतात : ब्रूटस प्रामाणिक, कॅसियस मत्सरी, अँटनी धूर्त. तिसऱ्या पानावर निबंधाचा सांगाडा असतो. ही सारी सामग्री मुखोद्गत होते. आणि तरीही प्रश्नपत्रिका हातीं पडतांच लेखणी अडते. याचें कारण स्मरणशक्तीची उणीव हें क्वचितच असतें. हीं तीन पानें परस्परांशीं अबोला धरून बसलेलीं असतात, हें खरें कारण होय. उजळणी म्हणजे या तिन्ही पानांना नाटकांतील एकाच स्थळीं एकत्र आणणें.

उदाहरणासाठीं शेक्सपिअरचें ‘ज्युलियस सीझर’ घेणें सोयीचें आहे. कारण इंग्रजी शिकणाऱ्या अनेक पिढ्यांनीं तें अभ्यासिलें आहे. १५९९ च्या सप्टेंबरमध्यें थॉमस प्लाटर नांवाच्या स्विस प्रवाशानें लंडन येथें सीझरवरील एक नाटक पाहिल्याची नोंद करून ठेविली. तें हेंच असावें असें बहुतेक अभ्यासक मानतात. छापून मात्र तें १६२३ सालीं निघालें, कवीच्या मृत्यूनंतर सात वर्षांनीं. कथानक प्लूटार्कच्या चरित्रग्रंथांतून घेतलेलें आहे. त्याचें थॉमस नॉर्थकृत इंग्रजी भाषांतर १५७९ मध्यें प्रसिद्ध झालें होतें. इ. स. पूर्व ४४ मधील सीझरचा वध आणि ४२ मधील फिलिपीची लढाई यांच्यामधील सुमारें अडीच वर्षांचा काळ नाटककारानें पांच अंकांत आवळून बसविला आहे.

प्रथम संज्ञांचा विचार. या बाबतींत मराठी विद्यार्थी रिक्तहस्त नसतो. सिमिली म्हणजे उपमा आणि मेटॅफर म्हणजे रूपक, हें त्याला चटकन कळतें. शिवाय आपल्या साहित्यशास्त्रानें उपमेचीं चार अंगें सांगितलेलीं आहेत : उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि वाचक शब्द. दुसऱ्या अंकाच्या आरंभीं ब्रूटस रात्रीं आपल्या बागेंत एकटाच विचार करीत असतो. सीझरला सर्पाच्या अंड्याप्रमाणें समजावें आणि तें फुटण्यापूर्वींच नाहींसें करावें, अशा निर्णयाला तो येतो. येथें सीझर उपमेय, सर्पाचें अंडें उपमान, आज निरुपद्रवी परंतु पुढें घातक असणें हा साधारणधर्म, आणि वाचक शब्द तर उघडच आहे.

पुष्कळ विद्यार्थी येथें थांबतात. वस्तुतः उत्तराला येथूनच आरंभ होतो. या उपमेनें नाटकांत कोणतें काम केलें, हा पुढचा प्रश्न. सीझरशीं आपलें वैयक्तिक वैर नाहीं, हें ब्रूटस त्याच भाषणांत मान्य करतो. सीझरचे विकार त्याच्या विवेकावर कधीं मात करतांना आपण पाहिले नाहींत, असेंहि तो सांगतो. म्हणजे आरोप आहे तो केवळ भविष्याविषयींचा. पुराव्याची जी जागा रिकामी राहिली, ती या उपमेनें भरून काढली. अंड्यानें अजून कोणाला दंश केलेला नाहीं. तरीहि शिक्षा ठरली. एवढें ध्यानांत आलें कीं उपमा हा अलंकार न राहतां ब्रूटसच्या स्वभावाचा दाखला बनतो : सद्धेतूनें एका तुलनेवर विसंबून माणसाच्या प्राणांचा निकाल करणारा हा गृहस्थ आहे. संज्ञेचें पान आणि पात्राचें पान असें एकमेकांना भेटतें.

परंतु मराठी प्रतिशब्द सर्वत्र तंतोतंत बसतात असें मानूं नये. सोलिलोक्वीला स्वगत म्हणतात. मात्र संस्कृत नाटकांतील स्वगत रंगभूमीवर इतर पात्रें असतांनाहि बोललें जातें. सोलिलोक्वी हें बोलणाऱ्याच्या एकांतांतील भाषण होय. इतर पात्रें हजर असतां प्रेक्षकांपुरतें उच्चारलेलें वाक्य इंग्रजींत असाइड या निराळ्या नांवानें ओळखलें जातें. आयरनीचेंहि तसेंच. सीझरच्या शवापुढें अँटनी मारेकऱ्यांना पुनःपुन्हां सन्माननीय म्हणतो, तेव्हां शब्द तोच राहतो आणि अर्थ मात्र हळूहळू उलटा होत जातो. ही आपल्या व्याजस्तुतीच्या जवळची गोष्ट आहे : वर स्तुति, आंत निंदा. पण तिसऱ्या अंकांत सीझर स्वतःला अढळ ध्रुवताऱ्याची उपमा देतो आणि त्यानंतर कांहीं क्षणांतच कोसळतो, त्या ठिकाणीं व्याजस्तुति नाहीं. कट कोणता, हें प्रेक्षकांना ठाऊक आहे आणि बोलणाऱ्याला ठाऊक नाहीं; या अंतरांतून जो अर्थ उमटतो, तो ड्रॅमॅटिक आयरनीचा. एकाच नांवाखालीं येणाऱ्या या दोन गोष्टी ज्याला वेगळ्या करतां आल्या, त्याला व्याख्या घोकण्याची गरज फारशी उरत नाहीं.

आतां पात्रें. गुणदोषांच्या यादीनें पात्र उभें राहत नाहीं. तें निर्णयांनीं उभें राहतें. ब्रूटसचे तीन निर्णय पाहावेत. अँटनीलाहि ठार करावें, असें कॅसियस सुचवितो. ब्रूटस नको म्हणतो. अँटनीला अंत्यविधीच्या वेळीं बोलूं देऊं नये, असें कॅसियस बजावतो. ब्रूटस परवानगी देतो. शत्रूला आपल्याकडे येऊं द्यावें, असें कॅसियसचें मत पडतें. ब्रूटस फिलिपीकडे कूच करण्याचा आग्रह धरतो. तिन्ही वेळां कॅसियस नमतें घेतो आणि तिन्ही वेळां परिणाम विपरीत होतो. वहींत ‘ब्रूटस उदार पण अव्यवहारी’ असें लिहिण्यापेक्षां कोणता निर्णय, कोणाचा विरोध आणि काय परिणाम, अशा तीन ओळी प्रत्येक प्रसंगासाठीं लिहिल्या तर परीक्षेंत तोच पुरावा हाताशीं येतो.

कॅसियसला मत्सरी म्हणून सोडून देणें तितकेंच अन्यायाचें आहे. माणसांच्या कृतींच्या पलीकडचें पाहणारा म्हणून सीझर त्याला भितो. तोच कॅसियस शेवटच्या अंकांत दुसऱ्याच्या डोळ्यांनीं रणांगण पाहतो. टिटिनियसला शत्रूनें घेरलें असें पिंडारसकडून ऐकतो आणि प्राण देतो. प्रत्यक्षांत टिटिनियसभोंवतीं जमलेले सैनिक स्वपक्षाचेच असतात. ॲरिस्टॉटलनें शोकांतिकेच्या विवेचनांत हमार्शिया हा जो शब्द योजिला, त्याच्या मुळाशीं नेम चुकण्याची कल्पना आहे. तो दुर्गुणाचा वाचक नव्हे. चांगल्या माणसाचा नेम चुकतो आणि मोठी हानि होते, हा त्याचा भाव ब्रूटस व कॅसियस या दोघांच्या उदाहरणांनीं स्पष्ट होतो.

राहतां राहिला निबंध. या नाटकावर हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : शोकांतिकेचा खरा नायक कोण, सीझर कीं ब्रूटस? पहिल्या परिच्छेदांतच उत्तर एका वाक्यांत मांडावें, आणि तें वाक्य असें असावें कीं त्याला कोणी विरोध करूं शकेल. ‘या नाटकांत अनेक थोर पात्रें आहेत’ या वाक्याला विरोध संभवत नाहीं. म्हणून त्यावर निबंधहि उभा राहत नाहीं. ‘सीझर तिसऱ्या अंकांत मरतो, परंतु निर्णय करून त्यांचीं फळें अखेरपर्यंत भोगणारा ब्रूटस असल्यामुळें नायकपद त्याचें आहे’ हें विधान मात्र सिद्ध करावें लागतें. पुढील प्रत्येक परिच्छेदांत एक मुद्दा, त्याचा नाटकांतील पुरावा आणि त्या पुराव्याचा अर्थ, असा क्रम ठेवावा. पुरावा देऊन अर्थ न सांगणें ही सर्वांत सामान्य चूक होय. विरुद्ध पक्षालाहि एक परिच्छेद द्यावा : सीझरचें भूत चौथ्या अंकांत येतें आणि ब्रूटस व कॅसियस दोघेहि मरतांना त्याचें नांव घेतात, हें नाकारतां येत नाहीं. समारोपांत नवा मुद्दा आणूं नये.

मांडणीचे नियम थोडके आहेत. कथेंतील घटना इंग्रजींत वर्तमानकाळांत सांगाव्यात. अवतरण लहान घ्यावें, आपल्या वाक्यांत व्याकरणाला धरून बसवावें आणि अंक, प्रवेश व ओळ यांचे आंकडे द्यावेत. पद्याच्या दोन ओळी सलग लिहितांना मध्यें तिरकी रेघ द्यावी. गद्य व पद्य यांतील भेदहि नोंदवावा : सभेपुढें ब्रूटस गद्यांत बोलतो आणि अँटनी पद्यांत. एकानें तर्काला साद घातली आणि दुसऱ्यानें भावनेला, असा मुद्दा त्यावरून मांडतां येतो.

शेवटच्या आठवड्यांत नवें पुस्तक उघडूं नये. प्रत्येक अंकांतील एक स्थळ निवडावें, पुस्तक मिटावें आणि त्या स्थळावर संज्ञा, पात्र व मुद्दा यांना एकत्र आणणारा एकच परिच्छेद घड्याळ लावून लिहावा. मग पुस्तक उघडून पुरावा ताडून पाहावा. असे पांच परिच्छेद पन्नास व्याख्यांहून अधिक उपयोगी पडतात.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. पुढें त्याच विद्यापीठाचे पदवीधर गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८८३ मध्यें ‘हॅम्लेट’ला ‘विकारविलसित’ या नांवानें मराठींत आणलें. परक्या भाषेंतील नाटक परीक्षेपुरतें न वाचतां स्वतःच्या बुद्धीनें पारखून घेतलें, तरच असें कार्य घडतें. ‘ज्युलियस सीझर’मधील रोमन जमाव ब्रूटसचें ऐकून ब्रूटसचा होतो आणि थोड्याच वेळांत अँटनीचें ऐकून अँटनीचा. पुढें तोच जमाव सिन्ना नांवाच्या कवीला केवळ एका कटवाल्याशीं नामसाम्य असल्यामुळें ठार करतो. नांव ऐकून निकाल देण्याचा आणि उसन्या मतावर धांवण्याचा हा दोष टाळणें, हेंच या विषयाच्या अभ्यासाचें खरें फळ होय; आणि चांगला परीक्षक उत्तरपत्रिकेंत तेंच शोधीत असतो.