मुलाचे पोट दुखते तेव्हा

शिंद्यांच्या काळापासून उज्जैनला वसलेल्या आपल्या मराठी घरांत पोहे-जिलेबीचा माळवी शिरस्ता चांगलाच मुरला आहे. त्यामुळे मुलाचे पोट दुखू लागले की वडील मंडळी सकाळच्या न्याहारीला दोष देतात, नाही तर जंतांना. बहुधा ते खरेही असते. परंतु वेदना बेंबीच्या वर सुरू होऊन वाढत गेली, कधी पाठीकडे सरकली आणि उलट्या थांबेनात, तर ओवा चारून सकाळची वाट पाहू नये. हा स्वादुपिंडाचा तीव्र दाह असू शकतो.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे पसरलेले असते. त्याचा पाचकरस आतड्यात पोहोचल्यावर कार्यान्वित व्हावयाचा. तो ग्रंथीतच कार्यान्वित झाला, तर ग्रंथीलाच पचवू लागतो. प्रौढांत मद्य आणि पित्तखडे ही याची प्रमुख कारणे असल्याने मुलांच्या बाबतीत ही शंका लवकर मनात येत नाही.

मुलांची कारणे पुष्कळदा निराळी असतात. सायकलवरून पडताना हँडलचे टोक पोटात बसते. वर ओरखडाही दिसत नाही, मूल भीतीने काही सांगत नाही, आणि दुखणे कधी दुसऱ्या दिवशी डोके वर काढते. म्हणून रागे न भरता विचारावे. गालगुंड, पित्तखडे, पित्तनलिकेतील जन्मजात दोष, नलिकेत शिरलेला जंत (वडील मंडळी अगदीच चुकत नाहीत!) यांनीही दाह होतो. अपस्मारावरील व्हॅल्प्रोएटसारखे औषधही कधी कारण ठरते. तथापि ते आपल्या मनाने बंद करू नये. अनेक मुलांत कारण सापडतच नाही. दुखणे वारंवार उलटल्यास आनुवंशिक दोषाचा शोध घेतात.

रक्तातील अमायलेज किंवा लायपेज नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट वा अधिक आढळले, की वेदनेच्या जोडीने निदान पक्के होते. शिरेवाटे द्रव आणि वेदनाशामक औषध हे मुख्य उपचार. पूर्वी अशा मुलाला कित्येक दिवस उपाशी ठेवीत; आता सोसेल तसे लवकर अन्न देतात, आणि ते हितकर ठरले आहे.

बहुतेक मुले थोड्या दिवसांत बरी होतात. थोड्यांच्या पोटात द्रवाची गाठ राहते, तर साधारण पाचांपैकी एकाला हा दाह पुन्हा गाठतो. वारंवार झालेल्या दाहाने ग्रंथी कायमची दुबळी होते. मग अन्न नीट पचत नाही आणि मधुमेहही जडू शकतो. यास्तव मूल हसतखेळत घरी आले, तरी काही महिन्यांनी त्याचे वजन आणि रक्तातील साखर पाहून घ्यावी.